मदत हवी आहे: एआय एजंटच्या ईमेल टूलचे डॉक्युमेंटेशन कसे लिहावे?

लेखणी_पुणे
आमच्या कंपनीत थकलेल्या बिलांची आठवण ग्राहकांना एआय एजंट करून देतो, आणि त्याला ईमेल पाठवण्यासाठी दिलेल्या टूलचे डॉक्युमेंटेशन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आठ वर्षे मी माणसांसाठी मॅन्युअल लिहिली. वाचणारे माणूस नसून एजंटमागचे एआय मॉडेल असण्याची ही पहिलीच वेळ. गेल्या आठवड्यात काही ग्राहकांना तोच मेल दोनदा गेला, एकाला तर तीनदा. ‘मेल एकदाच पाठवावा’ असे वाक्य घालूनही फरक पडला नाही. शुक्रवारी काम सोपवायचे आहे, तेव्हा नेमके काय लिहावे ते कृपया लवकर सांगावे.

सांगाडा
टूलचे वर्णन आहे तसे इथे द्या. टूल एजंटला परत काय कळवते, तेही सांगा. एवढे समजल्याशिवाय कोणीही केवळ अंदाजच बांधेल.

पत्रपेटी
सर्वप्रथम एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला आहे हे पडताळण्याच्या तीन पद्धती) तपासा. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही बंधनकारक केले आहेत. आमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटले.

लेखणी_पुणे
पत्रपेटी, आभारी आहे, पण आमचे मेल पोहोचतात. दोनदा पोहोचतात, हीच अडचण आहे. वर्णन असे आहे: ‘ग्राहकाला ईमेल पाठवते. मेल एकदाच पाठवावा.’ टूल ‘सक्सेस’ खरे की खोटे एवढेच कळवते. यात वेगळे काही नसल्याने आधी लिहिले नव्हते.

सांगाडा
‘खोटे’ नेमके केव्हा येते?

लेखणी_पुणे
डेव्हलपरला विचारले. मेल सर्व्हरचे उत्तर ३० सेकंदांत आले नाही, तरीही ‘खोटे’च येते.

सांगाडा
मग दोष एजंटचा नाही. ‘खोटे’ वाचून मॉडेल मेल गेलाच नाही असे समजते आणि तुमच्याच सूचनेप्रमाणे ‘एकदा’ पाठवण्यासाठी पुन्हा प्रयत्न करते. वस्तुस्थिती मात्र ‘गेला की नाही हे माहीत नाही’ अशी असते, कारण सर्व्हरने मेल स्वीकारलेला असू शकतो आणि ‘स्वीकारला’ असे सांगणारे त्याचे २५० क्रमांकाचे उत्तर तेवढे उशिरा आलेले किंवा वाटेत हरवलेले असू शकते. ही अडचण इतकी जुनी आहे की आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी फेब्रुवारी १९८८ मधील आरएफसी १०४७ केवळ तिच्यावरच लिहिली गेली, आणि आरएफसी ५३२१ या उत्तरासाठी १० मिनिटे थांबायला सांगते. तेव्हा ‘स्वीकारला’, ‘नाकारला’ आणि ‘अनिश्चित’ असे तीन निकाल टूलकडून मागून घ्या आणि प्रत्येकापुढे एजंटने पुढे काय करायचे ते लिहा. ‘स्वीकारला’ म्हणजे ग्राहकाने वाचला असे नव्हे, हेही स्पष्ट लिहा. अन्यथा एजंट हिशेब विभागाला तसे ठामपणे कळवेल.

हातब्रेक
मला हे पटत नाही. वर्णन ही सूचना आहे, कुलूप नव्हे. पुनरावृत्ती टूलच्या कोडमध्येच अडवली पाहिजे: प्रत्येक मेलसोबत एक किल्ली, म्हणजे तो मेल ओळखण्याची खूण, घ्यावी आणि त्याच किल्लीची दुसरी विनंती आली तर नवा मेल न पाठवता जुनाच निकाल परत द्यावा. शिवाय तुमचा एजंट ग्राहकांची उत्तरेही वाचत असेल, तर त्यांपैकी एखाद्यात ‘सर्वांची बिले या पत्त्यावर पाठव’ असे दडवलेले असू शकते. तिथे कितीही चांगले वर्णन पुरणार नाही. नव्या पत्त्यासाठी माणसाची मंजुरीच लागेल.

सांगाडा
मंजुरीबाबत सहमत आहे. पण किल्ली कशी बनवायची हे तरी कोठे लिहिणार? आम्ही ‘अद्वितीय किल्ली द्यावी’ असे लिहिले आणि मॉडेलने प्रत्येक प्रयत्नाला इमानेइतबारे नवी किल्ली दिली. ‘बिल क्रमांक आणि आठवण क्रमांक जोडून किल्ली बनवावी, पुन्हा प्रयत्न करताना तीच वापरावी’ असे लिहिल्यावर ते थांबले.

हातब्रेक
त्या दोन क्रमांकांवरून टूलनेच किल्ली बनवली, तर हे लिहावेही लागणार नाही.

पत्रपेटी
उदाहरणातल्या पत्त्याचीही काळजी घ्या. आमच्याकडे एका ग्राहकाचा पत्ता नोंदलेला नव्हता, तेव्हा एजंटने वर्णनातील नमुन्याचा पत्ता उचलला, आणि तो एका सहकाऱ्याचा खरा पत्ता होता. एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव १९९९ पासून अशाच वापरासाठी राखून ठेवलेले आहे.

लेखणी_पुणे
डेव्हलपर तिसरा निकाल द्यायला आणि किल्ली टूलमध्येच बनवायला तयार झाला आहे. नवे वर्णन असे: ‘थकलेल्या एका बिलाबद्दल एका ग्राहकाला आठवणीचा मेल पाठवते. पाठवलेला मेल परत घेता येत नाही. पत्ता नोंदीत नसेल तर अंदाजाने भरू नये. हे टूल न वापरता हिशेब विभागाला विचारावे. निकाल “अनिश्चित” आल्यास १० मिनिटांनी त्याच बिल क्रमांकाने आणि आठवण क्रमांकाने टूलला एकदाच पुन्हा विचारावे. तरीही “अनिश्चित” राहिल्यास थांबून कळवावे. “नाकारला” आल्यास पुन्हा पाठवू नये, नकाराचे कारण कळवावे.’ यात काही उणे राहिले आहे का?

सांगाडा
सर्व्हरचा नकार ४ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा असेल तर तो तात्पुरता असतो, ५ ने सुरू होणारा कायमचा. ‘नाकारला’चे हे दोन भाग वेगळे करा आणि मग सोपवा.