पोलंडमधले ‘ओलेंड्झी’: डचांनी नेमकं काय दिलं, बांध की करार?

दप्तरखाना (धागाकर्ता)

डच म्हटलं की आपल्याला वेंगुर्ल्याची वखार आणि मसाल्याची गलबतं आठवतात. त्याच्याही आधीपासून फ्रीजलंड आणि हॉलंडमधले शेतकरी, त्यांतले पुष्कळसे छळाला कंटाळलेले मेनोनाइट (हत्यार न धरणारा ख्रिस्ती पंथ), विस्वा नदीच्या (नकाशावरची विस्तुला) मुखाशी जाऊन चिखलात गावं वसवत होते. 1527 च्या सुमारास पास्वेंकजवळ, 1547 पासून ग्दान्स्क बंदराजवळच्या झुवावीत (नदीमुखाचा सखल, पाणथळ प्रदेश), पुढे नदीच्या वरच्या अंगाला तोरून, वॉर्सापर्यंत. पोलिश लोक त्यांना ‘ओलेंड्झी’ म्हणू लागले, म्हणजे हॉलंडर.

त्यांच्याबद्दल कुठेही वाचा, पवनचक्की आणि बांध यांच्या पलीकडे गाडी जात नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यांची खरी देणगी कागदावरची होती. आकडा बघा: 16 व्या शतकापासून 19 व्या शतकाच्या मध्यापर्यंत पोलंडच्या भूमीवर किमान 1,700 ओलेंडर गावं वसली आणि त्यांतल्या 300 च्या आसपास गावांतच वंशाने डच माणसं होती. उरलेल्या गावांत बहुतेक जर्मन आणि काही ठिकाणी चक्क पोलिश. तरी ती सगळी ‘ओलेंडर’च, कारण करार त्या पद्धतीचा.

कराराची कलमं साधारण अशी:

- कूळ स्वतंत्र माणूस. जमिनीला बांधलेला नाही.
- पट्टा लांब मुदतीचा, बहुधा 40 वर्षांचा; काही ठिकाणी कायमचा आणि वारसाहक्काने चालणारा.
- सुरुवातीला एकरकमी नजराणा, मग काही वर्षं खंडमाफी, कारण जमीन पिकायला वेळ लागतो. त्यानंतर खंड रोख पैशात.
- खंडाला सगळं गाव सामाईक जबाबदार. एक घर थकलं तर बाकीच्यांनी भरायचं.
- सोल्तिस, म्हणजे गावचा प्रमुख, आणि त्याचे पंच गावानेच निवडायचे.

शेजारच्या गावात त्याच वेळी पोलिश शेतकरी वेठीला जुंपलेला होता. 1520 च्या तोरून आणि बिदगोश्चच्या कायद्यांनी आठवड्याला किमान एक दिवस वेठ ठरवली होती. पुढे ती तीन-चार दिवस आणि त्याहूनही वर गेली.

पाणथळ

करार महत्त्वाचा होताच, पण धनी लोक असला करार देत का होते? पाण्याखालच्या जमिनीतून एक पैसा येत नव्हता म्हणून. पाणी काढता येणारा माणूस मिळाला, तेव्हा कलमं सुचली. व्वादिस्वाव चौथ्या राजाच्या 1642 च्या सनदेत हेच म्हटलंय: यांच्या पूर्वजांना ओसाड, दलदलीच्या, निरुपयोगी जागी बोलावलं आणि त्यांनी कष्टाने, खर्चाने ती लागवडीला आणली.

झुवावी सुमारे 1,700 चौरस किलोमीटर, त्यातला चौथा हिस्सा तरी समुद्रसपाटीच्या खाली. तिथे चर खणून भागत नाही, पाणी उचलून वर टाकावं लागतं. पवनचक्कीला जोडलेलं वल्ह्यांचं चाक एका टप्प्यात जेमतेम दीड मीटर पाणी चढवतं. त्याहून खोल जमीन असेल तर एकामागे एक दोन चक्क्या लागतात. शिवाय उपसा सुरू झाला की पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, जमीन वाळते, आकसते, बसते. म्हणजे नातवाला आजोबापेक्षा खोल उपसावं लागतं. हे हिशोब कुठल्याही करारात लिहिलेले नसतात. ते अंगात मुरलेले लागतात.

तिसरा_बांध

@पाणथळ, सनद अर्जदारांचं म्हणणं ऐकून लिहिली जाते हे विसरू नका. राजाकडे हक्क कायम करून घ्यायला गेलेला माणूस ‘इथे आधीपासून बांध होते’ असं कशाला सांगेल?

आधी बांध होते. ट्यूटॉनिक सरदारांच्या (इथे आधी राज्य करणारा जर्मन धर्मयोद्ध्यांचा संघ) काळात, 13 व्या-14 व्या शतकात, झुवावीतले मोठे नदीबांध उभे राहिले. बांधाची तपासणी करणारे शपथबद्ध पंच, जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला आलेली बांधाची लांबी, हयगय केल्यास दंड, ही सगळी व्यवस्था मेनोनाइट येण्याआधीची आहे. 1454 ते 1466 च्या तेरा वर्षांच्या युद्धात आणि त्यानंतरच्या पुरांत तिची वाताहत झाली. डचांना मिळाली ती पडीक पडलेली आणि त्यातही सर्वांत खोल जमीन. काम अवघडच होतं. पण ‘समुद्रातून पोलंड काढला’ हे पर्यटन पुस्तिकेतलं वाक्य झालं.

आणि पास्वेंक शहर 1297 चं, डच वसाहतवाल्यांचंच. ‘प्रॉयसिश होलांड’ हे जुनं जर्मन नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे डचही दोनदा आले. कुठल्या खेपेचा प्रभाव मोजताय ते आधी सांगा.

दप्तरखाना

मी दुसऱ्या खेपेबद्दलच बोलतोय. आणि तुमच्या मुद्द्याने माझीच बाजू बळकट होते. बांध जुने, तंत्र निम्मं जुनं. मग नवीन काय? पैशातला खंड आणि निवडलेला सोल्तिस.

गावकूस

दोघांनाही एक गैरसोयीचा प्रश्न. एवढा सुंदर करार, 1,700 गावं, मग पोलंडमधली वेठ सुटली का? नाही. 18 व्या शतकाच्या अखेरीस शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला; प्रशियाच्या आणि ऑस्ट्रियाच्या वाट्यात ती 19 व्या शतकात वरून कायदे येऊन सुटली. रशियाच्या वाट्यातही 1860 च्या दशकापर्यंत लोंबकळली.

उलट डचांचा पोलंडवरचा सर्वांत मोठा प्रभाव मोजायचा तर ग्दान्स्कच्या धक्क्यावर उभं राहा. 1618 साली तिथून एक लाखाहून अधिक लास्ट धान्य बाहेर गेलं. एक लास्ट म्हणजे दोन टनांच्या वर राय (गव्हासारखं धान्य). बहुतेक माल डच जहाजांत, ॲम्स्टरडॅमकडे. ही मागणी होती म्हणून सरदारांना स्वतःची शेती वाढवायची होती आणि ती फुकट मजुरीवर करायची होती. एका हाताने हॉलंडने काही शे गावांना मोकळं केलं, दुसऱ्या हाताने लाखोंची वेठ घट्ट आवळली. पहिल्या हाताची संग्रहालयं निघाली, दुसऱ्याची नाही.

दप्तरखाना

@गावकूस, अर्धं मान्य. पण धान्याची मागणी इंग्लंड-फ्रान्समध्येही पोचत होती आणि वेठ तिथे आली नाही. मागणीने वेठ आपोआप येत नाही. सरदारांच्या हाती संसद आणि न्यायालयं दोन्ही असावी लागतात, आणि पोलंडात ती होती. डच व्यापाऱ्याने गिऱ्हाईक पुरवलं, चाबूक नाही.

आणि करार का पसरला नाही, याचं उत्तर करारातच आहे. तो परवडायचा तो पडीक जमिनीवर. पिकती जमीन असेल तर धन्याला वेठच स्वस्त. म्हणून ओलेंडर गावं नदीकाठी, बेटांवर आणि पुढे व्येल्कोपोल्स्कात जंगल तोडून वसलेली दिसतात. 1655 च्या स्वीडिश स्वारीनंतर गावं ओस पडली तेव्हा या करारांना पुन्हा जोर आला, तोही याच कारणाने.

पाणथळ

झुवावीतच अडकू नका. वॉर्सा आणि प्वोत्स्कच्या दरम्यान, माझोव्हियात, काम वेगळंच होतं. तिथे पुराला अडवत नव्हते, त्याला रीतसर घरात घेत होते. विस्वा दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. वसंतात वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो, मुखाशी नदी अजून गोठलेली असते. मग हिमखंड अडकून धरण तयार होतं आणि पाणी एका रात्रीत बाजूला पसरतं. त्या पुराचं खरं हत्यार पाणी नाही, हिमखंड आहेत. घर कापून नेतात ते.

यावरचा उपाय असा:

शेताच्या कडेने वाळुंज आणि पॉपलरच्या रांगा, मधे काटक्यांचे कूड. हिमखंड आणि ओंडके झाडांत अडकतात, पाणी कुडातून गाळून येतं, वेग मोडतो आणि बारीक गाळ शेतात बसतो. तोच खताचा. वाळुंजाची दर काही वर्षांनी छाटणी. फांद्या कुडाला, टोपल्यांना, बांध भरायला. छाटणी चुकली की डोकं जड होऊन खोड उभं चिरतं आणि नेमकं पुरात पडतं.

घर मातीच्या उंचवट्यावर. माती शेजारीच खणायची, खड्ड्याचं तळं होतं. राहतं घर, गोठा, कोठार एका छपराखाली एका रेषेत, आणि राहती बाजू प्रवाहाच्या वरच्या अंगाला. पाणी घरातून गोठ्याकडे जातं, शेण घेऊन बाहेर पडतं. उलटं बांधलं तर गोठ्यातली घाण स्वयंपाकघरात. माळा रुंद आणि भक्कम, कारण धान्यच नव्हे तर जनावरंही उताराच्या फळ्यांवरून वर चढवायची असत.

व्याँचेमिन पोल्स्की आणि वियेल्का न्येशाव्का इथल्या खुल्या संग्रहालयांत, दोन्ही 2018 ची, ही वास्तुरचना बघायला मिळते. @दप्तरखाना, यातलं एकही कलम करारात नाही.

दप्तरखाना

एक आहे! ‘विल्क्येझ’, गावाची स्वतःची नियमावली. चर साफ ठेवायचे, नाही तर दंड. शेत विकायचं तर गावाची संमती. आणि संमती का? कारण खंडाला सगळे जामीन. आळशी माणसाला शेत विकलं तर त्याचा तुंबलेला चर शेजाऱ्याला बुडवणार आणि थकलेला खंडही शेजाऱ्याच्याच डोक्यावर. तुमची वाळुंजं त्या जामीनकीवर उभी होती.

उंबरठा

शेतीतच गुंतलाय सगळे. ग्दान्स्क शहरही बघा: मेखेलेनच्या अँथनी व्हान ओबेर्खेनचं जुनं नगरभवन, विलेम व्हान डेन ब्लोकेने 1588 मध्ये सजवलेला ‘उंच दरवाजा’, त्याचा मुलगा आब्राहामचा सुवर्ण दरवाजा. पुढे वॉर्सात उत्रेख्तचा वास्तुशिल्पी टिलमन व्हान गामेरेन.

तिसरा_बांध

हे बोलावून आणलेले कारागीर. शिवाय मेखेलेन आजच्या बेल्जियममध्ये. वसाहतवाले नव्हेत. एक अपवाद मात्र मनापासून मान्य: हार्लिंगेनचा अडाम वीबे. 1616 च्या सुमारास ग्दान्स्कला आला आणि तिथेच राहिला. 1644 मध्ये त्याने बिस्कुप्या गुर्काच्या टेकडीवरून तटबंदीच्या बुरुजापर्यंत, खंदक ओलांडून, खांबांवर फिरता दोर टाकला आणि टोपल्यांतून माती वाहिली. अनेक आधारांचा ज्ञात असा पहिलाच रज्जुमार्ग. गाड्यांनी ती माती न्यायची तर आधी पूल बांधावा लागला असता.

भाषेतही डच उरलेत. ‘होलेंडर’ ही पोलिशमध्ये पवनचक्कीची एक जात आहे: जुन्या ‘कोझ्लाक’ चक्कीचा सगळा डोलारा वाऱ्याकडे वळवावा लागतो, होलेंडरची फक्त टोपी. ‘दो यास्नेगो होलेंड्रा’ म्हणजे तर सौम्य शिवी! पाहुण्यांचा एवढा मान.

गावकूस

मान राखला तो पोलंडने, घालवला प्रशियाने. 1772 च्या पहिल्या फाळणीनंतर झुवावीचा बहुतेक भाग प्रशियाचा राजा फ्रेडरिककडे गेला. मेनोनाइट हत्यार धरत नाहीत, म्हणून 1780 पासून त्यांनी खूल्मच्या लष्करी शाळेसाठी वर्षाला 5,000 थालर भरायचे ठरलं. 1789 च्या फर्मानाने नवीन जमीन घेणं अवघड झालं. धाकट्या मुलांना शेत मिळेना. त्याच वर्षी त्यांची खोर्तित्साची वसाहत सुरू झाली, 1804 मध्ये मोलोच्नाची, दोन्ही आजच्या युक्रेनमध्ये. @दप्तरखाना, तुमच्या कागदाची किंमत ही अशी: राजा बदलला की कलम बदललं.

पाणथळ

आणि मागे राहिलेल्यांची पोरं तोवर जर्मन बोलू लागली होती. चर्चमधली डच भाषा 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात संपली. त्यामुळे 1945 मध्ये त्यांची गणना जर्मनांत झाली आणि जवळपास सगळे देश सोडून गेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बांध उडवले आणि झुवावी पाण्याखाली गेली. पूर्वेकडून आणि मध्य पोलंडमधून आलेल्या नव्या शेतकऱ्यांना ना चरांचा नकाशा ठाऊक, ना झडपांची वेळ. पाणी काढून जमीन पुन्हा लागवडीला यायला 1948 च्या सुमारापर्यंत वेळ लागला, तेही मोठे पंप लावून. करार त्यांच्याकडे नव्हता, @दप्तरखाना, जमीन सरकारने दिलेली. पण त्यांनी चर मात्र जुन्याच रेषांवर खणले.

दप्तरखाना

जुन्याच रेषांवर, कारण शेतांच्या हद्दी त्याच होत्या. आणि हद्दी कुणी आखल्या? पट्ट्यानेच. एका कुटुंबाला साधारण अर्धी ते एक व्वूका, म्हणजे 8 ते 17 हेक्टर, नदीपासून आत जाणारी अरुंद लांब पट्टी. चर त्या पट्टीच्या कडेने.