मदत हवी आहे: पार्टीनंतर प्यालेल्यांना घरी सोडायची गाडी सुरू करायची आहे (सावदा-फैजपूर पट्टा, जि. जळगाव)

नमस्कार मंडळी,

भरिताचा सिझन सुरू झालाय. सावदा, फैजपूर, यावल या भागात आता रोज कुठल्या ना कुठल्या मळ्यात पार्टी, आणि त्यामागोमाग लग्नसराई. या रात्रींसाठी मला एक सोय उभी करायची आहे. ज्यांनी घेतली आहे त्यांना मळ्यातून उचलायचं आणि घराच्या दारात सोडायचं. घरची इको व्हॅन आहे, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी. मी स्वतः पीत नाही आणि रात्री गाडी चालवायची सवय आहे.

पुण्या-मुंबईत माणूस बारमधून बाहेर पडता पडता मोबाईलवर गाडी बोलावतो. आमच्याकडे रात्री अकराला शिवारातून ॲप उघडलं की नुसतं गोल फिरत राहतं. रिक्षा स्टँडवर, तीही शेवटची एसटी गेली की घरी. मग माणूस आपली मोटरसायकल काढतो.

ज्यांनी आमच्याकडची पार्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतात, बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचतात, फोडणी पडेपर्यंत दहा वाजतात. तोवर उपाशीपोटी बाटली फिरत असते. म्हणजे जेवण होतं तेव्हा चढून गेलेली असते, आणि जेवलं की लगेच सगळे उठतात. बांधावरून डांबरीला लागलं की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. त्यावर केळीचे ट्रक, आणि कडेला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी उभी ट्रॉली. माझा मावसभाऊ अशाच ट्रॉलीवर गेला. त्याला अडवणारे चार जण होते, पण "मी नीट आहे भो" म्हणाला आणि किक मारली. त्याच्याजवळ दुसरा मार्ग असता तर तो कदाचित बसला असता. समजावण्याने माणूस थांबत नाही, दारात गाडी उभी असेल तर थांबतो, असं माझं ठाम मत झालं आहे. पोलिसांची नाकाबंदी हवीच, पण ती हायवेला असते, शिवाररस्त्याला नाही.

आता अडचणी. पहिली, पांढऱ्या पाटीवर पैसे घेतले तर चालेल का? पेट्रोलपुरतेच घेणार आहे, नफा नको. दुसरी, प्यालेला माणूस उतरताना पैसे देत नाही, दुसऱ्या दिवशी मागितले तर संबंध बिघडतात. तिसरी सगळ्यात अवघड आहे, मोटरसायकल. "गाडी मळ्यात ठेव, सकाळी ने" म्हटलं तर कोणी ऐकत नाही. पहाटे दूध घालायला, मजूर आणायला तीच लागते, शिवाय चोरीची भीती. यावर कोणी काही केलं असेल तर कृपया सांगा.

आरटीओची कामं करणारा, धुळे
दादा, विचार फार चांगला आहे, पण पांढऱ्या पाटीत पैसे घेऊन माणसं बसवू नका, पेट्रोलपुरतेही नकोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे भाड्याने प्रवासी न्यायला परमिट लागतं. नसेल तर कलम १९२अ मध्ये १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. विमा त्याहून महत्त्वाचा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. काही झालं तर कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुमच्या अंगावर येईल. करायचंच तर इको टॅक्सीत पासिंग करून पिवळी पाटी घ्या. लायसनची काळजी नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन पुरतं.

पण माझं ऐकाल तर सुरुवात गाडीने नको, ड्रायव्हरने करा. गिऱ्हाईकाची कार गिऱ्हाईकाचीच, तुमचा माणूस फक्त चालवायला. याला परमिट लागत नाही, कारण वाहन भाड्याने दिलेलंच नाही. मालकाच्या संमतीने वैध लायसनवाला चालवत असेल तर विमाही लागू राहतो. निघण्याआधी आरसी आणि विम्याचा फोटो काढून ठेवा, मुदत संपलेली असेल तर स्टिअरिंगला हात लावू नका. मागून दुसरा पोरगा मोटरसायकलवर येतो आणि ड्रायव्हरला परत घेऊन जातो.

आणि पार्टी देणाऱ्यांना एक सांगा. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर कलम १८५, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तसं चालवायला मदत करणाऱ्यालाही कलम १८८ लागतं. किल्ली हातात देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पारोळ्याचा
आमना पारोळाकडे बी हाईच गत शे दादा. सुरू करा.
पैशाचं सोपं आहे. उतरताना मागूच नका. पार्टीची काँट्री (वर्गणी) काढतात त्यातच माणशी थोडे जास्त धरायचे आणि यजमानाने आधी द्यायचे. मटणाचे पैसे आधी देतात, मग घरी पोचायचे का नाही?

दवाखान्यात काम करते, भुसावळ
दोन गोष्टी. शरीर रक्तातलं अल्कोहोल ताशी १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने कमी करतं. मध्यरात्री १५० असेल तर पहाटे सहालाही ६० च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. म्हणून "सकाळी गाडी ने" हा सल्लाही सगळ्यांना लागू नाही, दूध घालायला घरातल्या दुसऱ्याने जावं.
दुसरं, हाक मारून, हलवूनही जो जागा होत नाही त्याला घरी सोडू नका. कुशीवर वळवून ठेवा, १०८ ला फोन करा. उताणा झोपवला आणि उलटी झाली तर श्वास अडकतो.

यावलची सून
दादा, नंबर पुरुषांना द्याल तेवढाच आम्हाला पण द्या. बारा वाजेपर्यंत ओट्यावर उभं राहून फोन लावणाऱ्या आम्ही असतो आणि तिकडून "निघालोच" एवढंच ऐकू येतं. तुमचा नंबर असला तर मी स्वतः गाडी पाठवीन, पैसे घरी आल्यावर माझ्याकडून घ्या. आमच्या बचत गटात सगळ्या बायका हेच म्हणतील.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. पांढऱ्या पाटीवर पैसे घेणार नाही, टॅक्सी पासिंगची चौकशी करतो. तोवर कारवाल्यांसाठी ड्रायव्हर, हे पक्कं. ताई, नंबर बचत गटांना नक्की देतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोटरसायकलचं माझं असं ठरतंय की प्यालेल्याला तिच्यावर मागेही बसवायचं नाही, तोल जातो. त्याने इकोत बसायचं आणि आमचा पोरगा त्याची मोटरसायकल मागून घेऊन येईल. पासिंग होईपर्यंत इकोत फुकट सोडीन, निदान आमच्या गावच्या पार्ट्यांना. पण एका मळ्यातून पाच-सहा मोटरसायकली निघाल्या तर तेवढे न पिणारे, लायसनवाले पोरं रात्री बाराला कुठून आणायचे? छोटा हत्ती (छोटा टेम्पो) लावून मोटरसायकली त्यात चढवाव्यात असं एकजण म्हणतोय. चोपडा, शिरपूर, शहाद्याकडे कोणी असं केलं आहे का? एका खेपेत किती मोटरसायकली नीट बांधता येतात आणि भाडं काय पडतं, तेवढं कळवा.