मदत हवी आहे : स्नूकरच्या १४० ब्रेकचं कोडं

नमस्कार मंडळी, आठवी-नववीच्या मुलांसाठी स्नूकरवर गणिती कोडी रचतोय, एका ठिकाणी तुमचा सल्ला हवाय.

नियम थोडक्यात: १५ लाल, प्रत्येकी १ गुण. प्रत्येक लालनंतर एक रंगीत: पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. शेवटी सहाही रंगीत क्रमाने, म्हणजे २७ गुण. दर वेळी काळाच घेतला तर १४७.

कोडं असं: एकाच ब्रेकमध्ये (म्हणजे एकाच खेळाडूच्या सलग एका पाळीत) टेबल साफ करून नेमके १४० गुण किती प्रकारे होतील? फाउल, फ्री बॉल नाही. रंगांचा क्रम बदलला की प्रकार वेगळा.

मी उलटं मोजलं. १४७ पेक्षा ७ कमी हवेत. गुलाबी घेतला तर १ तूट, निळा २, असं करत पिवळा ५. म्हणजे ७ ची तूट १५ जागांत वाटायची: ७ तुटीचे ठिपके आणि जागा वेगळ्या करणारे १४ दुभाजक, अशा २१ मधून ७ निवडण्याचे १,१६,२८० प्रकार. पण एका जागी ५ पेक्षा जास्त तूट शक्यच नाही, म्हणून २२५ वजा (६ ची तूट १५ पैकी एका जागी, उरलेली १ पुन्हा १५ पैकी कुठेही: १५ × १५). उत्तर १,१६,०५५.

उत्तराबद्दल शंका नाही. अडतंय ते हे २२५ मुलांना सूत्राशिवाय कसं पटवायचं यावर. ही वजाबाकी मला कोड्याचा सर्वांत सुंदर भाग वाटते, ती गाळायची नाही. कोणी वर्गात असं काही शिकवलंय का? १४० ऐवजी लहान तुटीपासून, समजा १४५ पासून (१२० प्रकार) सुरुवात करावी का?