बँकॉकहून एका दिवसात कुठे कुठे? तुमचे अनुभव लिहा

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षांपासून बँकॉकमध्ये राहतो. घरी पाहुण्यांची ये-जा चालू असते. बहुतेकांचा कार्यक्रम मुंबईहूनच ठरून आलेला असतो: पट्टाया, कोरल आयलंड, सफारी वर्ल्ड, एका संध्याकाळी क्रूझवरचं जेवण आणि शेवटच्या दिवशी खरेदी. बस हॉटेलच्या दारातून उचलते आणि दारातच आणून सोडते. पण इथली माणसं कशी राहतात, काय खातात, कुणापुढे हात जोडतात, हे त्या बसच्या काचेतून दिसत नाही. ते साध्या रेल्वेत, कालव्यातल्या बोटीत आणि गावच्या बाजारात दिसतं, आणि त्यातलं बरंचसं शहरापासून दोन-अडीच तासांत गाठता येतं. आपल्या माणसांनी एक तरी दिवस असा काढावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जे असे फिरून आले आहेत त्यांनी लिहावं: कुठे गेलात, कसे पोचलात, सोबत कोण होतं, काय खाल्लंत.

सुरुवात मी करते, तीही शहरातूनच. सेन सेप कालव्यातली बोट. बोट धक्क्याला जेमतेम लागते, की चढणारे-उतरणारे झटपट हलतात. तिकीट देणारी मुलगी डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत येते. पूल ठेंगणा आला की छप्पर खाली घेतात आणि तीही वाकते. कडेला बसलात तर शेजारी लोंबणारी दोरी ओढायची, म्हणजे प्लास्टिकचा पडदा वर चढतो आणि कालव्याचं पाणी अंगावर उडत नाही. दोन्ही काठांना घरांच्या मागच्या बाजू येतात: वाळत घातलेले कपडे, कुंड्या, पायरीवर भांडी घासणारी बाई. फान फा या शेवटच्या धक्क्याला उतरलं की सोनेरी टेकडीचं देऊळ, वाट साकेत (थाईत वाट म्हणजे देऊळ), चालत गाठता येतं. तीनशेवर पायऱ्या आहेत पण बेताच्या, सासूबाई सहज चढल्या. आता तुम्ही लिहा.

ठाण्याहून, आई आणि मावशीसोबत

ताई, आम्ही अयुथ्थयाला गेलो. हुआ लाम्फोंग या 1916 सालच्या जुन्या स्टेशनातून साधी गाडी पकडली. (लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या 2023 पासून नव्या मोठ्या स्थानकातून सुटतात, त्यामुळे आपली गाडी कुठून आहे ते आधी विचारून घ्या.) तिसऱ्या वर्गाचं तिकीट 20 बाटच्या आसपास, उघड्या खिडक्या, वर पंखे, आणि दर स्टेशनाला भात, फळं, गार पाणी घेऊन चढणाऱ्या बायका. आईला ही गाडी फार आवडली. समोरच्या आजींनी तिला सोललेला पेरू आणि सोबतचं तिखट-गोड मीठ दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अयुथ्थया येईपर्यंत दोघी बोलत होत्या.

स्टेशनासमोरच्या गल्लीतून सरळ नदीवर गेलं की होडी पलीकडे सोडते. जुनं शहर नद्यांनी वेढलेल्या बेटावर आहे. आम्ही टुकटुक दिवसभरासाठी ठरवली. मावशीच्या गुडघ्यांमुळे सायकल शक्य नव्हती. 1350 ते 1767 ही सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी होती. बर्मी फौजेने ती जाळली तेव्हा आपल्याकडे पानिपताला सहा वर्षं झाली होती आणि गादीवर माधवराव पेशवे होते. हा हिशेब मावशीने तिथेच उभ्याने मांडला आणि मग त्या पडक्या विटांकडे आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. रांगेने बसलेल्या बुद्धमूर्ती, आणि बहुतेकांना मस्तक नाही.

वाट महाथातमध्ये वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळांनी बुद्धाचं एक मस्तक धरून ठेवलं आहे. ते जमिनीलगत आहे. फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं त्या मस्तकाच्या वर जाऊ द्यायचं नाही. एक तरुण उभ्यानेच फोटो काढायला लागला तेव्हा राखणदाराने हाताने खूण करून त्याला बसवलं. मुळं गालाला इतकी घट्ट लागलेली आहेत की दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते बोट न लावता कळत नाही. बोट लावायचं नाहीच. संध्याकाळी वाट चायवत्थनाराम (1630 सालचं, नदीच्या पलीकडे) बघितलं. एकच देऊळ बघायला वेळ असेल तर मी हेच सांगेन.

येताना रोती साय माय घ्या. पातळ हिरवी-पांढरी पोळी आणि आत साखरेचे तंतू, आपले म्हातारीचे केसच. तिथली मुसलमान कुटुंबं विकतात. पोळी आपण स्वतःच गुंडाळायची.

कोल्हापूरहून, सून आणि मुलासोबत

मी पासष्टीची आहे. मला गणपती बघायचा होता, तेवढंच मी मुलाला सांगितलं होतं. बँकॉकच्या पूर्वेला छाचेंगसाव नावाचं गाव आहे. हुआ लाम्फोंगहूनच रेल्वे जाते, दीडेक तास लागतो. पुढे बाकं टाकलेल्या उघड्या गाडीतून वाट सामान रत्तनाराम. नदीकाठी गुलाबी गणपती, लोडाला टेकून आरामात पहुडलेला, 16 मीटर उंच आणि 22 मीटर लांब. आपल्याकडे गणपती असा आडवा पाहायची सवय नाही, त्यामुळे पहिल्यांदा मी नुसती बघतच राहिले. मग पायथ्याशी लोकांची श्रद्धा पाहिली आणि माझा हात आपोआप जोडला गेला.

तिथे उंदीरमामांच्या मोठमोठ्या मूर्ती आहेत. लोक उंदराच्या एका कानात आपलं मागणं सांगतात, आणि दुसरा कान हाताने झाकून धरतात, म्हणजे मागणं एका कानातून जाऊन दुसऱ्यातून निघून जाऊ नये. कान उंचावर आहे म्हणून खाली पायऱ्या ठेवल्यात. माझ्या पुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. तिचा हात दुसऱ्या कानापर्यंत पुरेना, तेव्हा तिच्या आईने पलीकडून कान झाकला. माझ्या वेळी सुनेने झाकला. काय मागितलं ते सांगणार नाही.

नैवेद्याला दूध, केळी, आणि लाल सरबताच्या बाटल्या, झाकण उघडून आत नळी घातलेल्या. देवाला पिता यायला हवं ना! झेंडूच्या माळा तर आपल्यासारख्याच. दुर्वा मात्र कुठे दिसल्या नाहीत. माझ्या पिशवीत अथर्वशीर्षाची छोटी पोथी होती, ती काढून बाकावर बसून वाचली. कुणी काही म्हटलं नाही. उलट फुलवाल्या बाईने पंखा माझ्याकडे वळवला.

वेळ असेल तर ख्लोंग ख्वेआन इथला उभा गणपतीही बघा. काशाचा, 39 मीटर, आणि चार हातांत फणस, केळी, ऊस, आंबा. शेतकऱ्याचा गणपती! आणि गावातल्या वाट सोथोनला नवस फेडायला उकडलेली अंडी वाहतात. ताटंच्या ताटं. आम्ही शाकाहारी, तरी ते बघायला मला काही वावगं वाटलं नाही. ज्याचा त्याचा नवस.

पुण्याहून, नातीला घेऊन

राजवाड्याला सगळेच जातात, पण बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाचं दर्शन घेऊन बाहेर पडतात. वाट फ्रा केवच्या, म्हणजे त्याच बुद्धाच्या देवळाच्या, आवाराला चारही बाजूंनी ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर सबंध रामकथा रंगवली आहे, 178 चित्रं. जनकाला शेतात सीता सापडते तिथून सुरुवात. माझी नात दुसरीत आहे. तिला मी म्हटलं, ओळख कोण कोण ते. हिरवा राम तिला पटेना, पण पांढरा हनुमान तिने दुरूनच हेरला. लंकेला पूल बांधायच्या प्रसंगात हनुमान एका मत्स्यकन्येच्या मागे पोहतो. आपल्या ब्रह्मचारी मारुतीचं इथे लग्नबिग्न? मी तिला सांगितलं, ही यांची रामकथा, यांनी त्यांच्या पद्धतीने सांगितली. तिला ते लगेच कळलं. सोन्याचा वर्ख प्रसंगाप्रसंगात चढवलेला आहे. सकाळचं ऊन तिरकं आलं की नुसते मुकुट चमकतात.

दोन सूचना. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, नाहीतर फाटकातच अडवतात. आणि फाटकाबाहेर कुणी नीटनेटका माणूस सांगू लागला की आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो, तर नमस्कार करून सरळ पुढे चालायचं. त्या फेऱ्या रत्नांच्या दुकानात संपतात. तिकीट 500 बाट, खिडकी आतमध्ये आहे.

साताऱ्याहून, फौजेतून निवृत्त

मी कांचनाबुरीला गेलो. पहाटे गाडी करून निघालो, आधी युद्धस्मशानात गेलो. 6,982 कबरी. हिरवळ कापलेली, प्रत्येक शिळेवर नाव, पलटण, वय. बावीस, चोवीस, एकतीस. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. जपान्यांनी 1942-43 मध्ये थायलंड ते बर्मा 415 किलोमीटरची रेल्वे यांच्याकडून बांधून घेतली. उपासमार, मलेरिया, पटकी, मार. 12,000 हून अधिक युद्धकैदी मेले.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. या कामावर आशियाई मजूर कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. बर्मी, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. त्यांतले 90,000 च्या आसपास मेले असा अंदाज शेजारच्या रेल्वे संग्रहालयात वाचायला मिळतो. त्यांच्या नावाच्या शिळा नाहीत. मी दोन तास त्या शिळांमधून फिरलो आणि माझ्या मनात सतत तेच होतं. आपली माणसं तिथे जातात, या रेल्वेच्या क्वाय नदीवरच्या प्रसिद्ध पुलावर फोटो काढतात. काढावेत. पण मळ्यातून उचलून नेलेल्या त्या तमिळ माणसांसाठी क्षणभर उभं राहावं, कारण त्यांच्यासाठी तिथे येणारं कुणी नाही.

मग कांचनाबुरी स्टेशनातून नाम टोककडे जाणारी साडेदहाच्या सुमाराची गाडी धरली. ती त्याच पुलावरून जाते. कमानीचे गाळे मूळचे, मधले दोन सरळ कडांचे युद्धानंतर बसवलेले. पुढे थाम क्रासेला गाडी अगदी चालत्या माणसाच्या वेगाने लाकडी खांबांवरून सरकते. एका बाजूला हाताला लागेल असा कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी. तिथे उतरून परतीच्या गाडीने आलो.

रत्नागिरीहून, नवरा-बायको आणि लहान मुलगा

मेक्लोंगचा रेल्वेबाजार बघायला सगळे व्हॅनने जातात. आम्ही वोंगवियान याय स्टेशनातून छोट्या गाडीने महाछाय, तिथून होडीने नदी ओलांडून बान लाएम, आणि तिथून दुसरी गाडी मेक्लोंगला. वेळ जास्त लागतो पण ती गाडी ज्या बाजारातून जाते त्यातून आपणच जातो! खिडकीबाहेर हातभर अंतरावर ताडपत्र्या मागे ओढल्या जातात. भाजीची परडी रुळांच्या मधेच राहू देतात, गाडी वरून निघून जाते, पान हलत नाही.

मी मात्र तिथे मासळीतच अडकले. आपल्या बांगड्याचा भाऊबंद, प्ला थू. लहान बांबूच्या टोपलीत दोन-तीन, मान मोडून बसवलेले. वाफवलेलेच असतात, घरी नेऊन तळायचे. हॉटेलात तळणार कुठे, म्हणून बाजारातच एका खानावळीत तळून मागितले. भात, तळलेला प्ला थू आणि कोळंबीच्या खाऱ्याची तिखट चटणी. मुलाने दोन मासे एकट्याने संपवले.

संध्याकाळी अम्फावा. तिथला तरंगता बाजार शुक्रवार ते रविवारच. अंधार पडल्यावर होडीने काजवे बघायला नेतात. झाडावरचे काजवे एका तालात लुकलुकतात.

नागपूरहून, शाकाहारी लोकांसाठी

थोडक्यात. पिवळ्या कापडावर लाल अक्षर असलेली निशाणी जिथे दिसेल तिथे मांस-मासळी काही नाही, अंडंही नाही, कांदा-लसूणही नाही. बाकी ठिकाणी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, माशाचा रस सगळ्यात पडतो. "माय साय नाम प्ला" (माशाचा रस घालू नका) एवढं पाठ करून जा. बँकॉकच्या फाहुरात भागातल्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. आम्ही जेवलो, मग भांडी घासायलाही बसलो.

पुन्हा मी

काका, कांचनाबुरीचं लिहिलंत, बरं झालं. आम्ही पुलावरून तसेच परत येतो, हे खरं आहे. आजी, तुमचं वाचून माझ्या सासूबाईंनी येत्या मंगळवारची गाडी बघायला सांगितली आहे.

बांग क्राचाव (नदीच्या वळणातला हिरवा पट्टा), को क्रेत (नदीतलं बेट) आणि मुआंग बोरान (जुन्या वास्तूंच्या प्रतिकृतींचं खुलं संग्रहालय) यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. तिन्ही मुलांना घेऊन जाण्यासारखी. को क्रेतचा कुंभारवाडा शनिवार-रविवारी भरात असतो. बांग क्राचावला ख्लोंग तेयच्या धक्क्यावरून होडी मिळते, पलीकडे सायकली भाड्याने. तिथले उंचावरचे सिमेंटचे रस्ते अरुंद आहेत आणि कठडे सगळीकडे नाहीत, तेव्हा लहान मुलांना पुढच्या सीटवर घ्या आणि समोरून सायकल आली तर उतरून वाट द्या. कुणी अलीकडे गेलं असेल तर लिहा.