तुमची गाण्यांची यादी कशी जमली? नागपूरकरांचे अनुभव

बाबांच्या डायरीत मला एक दुमडलेला कागद सापडला. वर लिहिलंय, '६० ची कॅसेट, दोन्ही बाजू भरणे' आणि खाली हिरव्या शाईत अकरा गाणी. बर्डीवरच्या एका दुकानात असा कागद दिला की चार-आठ दिवसांत कॅसेट भरून मिळायची, असं आई सांगते. एका बाजूला ३० मिनिटंच. म्हणून कोणतं घ्यायचं, कोणतं सोडायचं, कशामागे काय लागलं पाहिजे, यावर बाबा दोन-दोन दिवस घालवायचे.

ती यादी मी फोनवर पुन्हा जुळवली, त्याच क्रमानं. लोकमान्य नगरला मेट्रोत बसते, सीताबर्डी येईतो पहिली बाजू संपत आलेली असते. या यादीनं मला बाबांच्या आवडीतले कितीतरी गायक दिले, जे मी घरात ऐकूनही कधी ऐकले नव्हते. दहा गाणी सापडली. पहिल्या बाजूचं शेवटचं मात्र सापडत नाही. कागदावर फक्त 'वसंतरावांची भैरवी' एवढंच आहे. वसंतराव देशपांडे म्हणजे आपल्याच गावात वाढलेले, सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते. पण कोणती भैरवी?

तुमच्याकडे नवं गाणं कोणत्या वाटेनं येतं? यादी कशी करता? सविस्तर लिहा, घाई नको.

*धरमपेठ, वय ७४*

आमच्या वेळी यादी म्हणजे वही. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. शॉर्टवेव्हचा आवाज समुद्रासारखा वर-खाली व्हायचा आणि माझा भाऊ कान लावून पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, लिहून घ्यायचा. मला मात्र विविध भारतीनं घडवलं. निवेदक गाण्यासोबत गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं घ्यायचे. त्यातून मला संगीतकाराचा माग काढायची सवय लागली, ती आजतागायत.

सलील चौधरी आवडले म्हणून त्यांच्या मागे गेले, तर कळलं की त्यांच्या कितीतरी हिंदी चाली बंगालीतही आहेत आणि मल्याळममध्येही त्यांनी पुष्कळ काम केलंय. एकच चाल दुसऱ्या भाषेत ऐकली की तिचा सांगाडा दिसतो. भाषा येत नाही, पण अडत नाही. नातीनं दाखवलं की फोनवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की 'क्रेडिट्स' उघडतात. तिथे संगीतकार वाचा आणि त्या नावानं शोधा. नव्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे.

*स्टेशन ऑटो स्टँड*

मी ऑटो चालवतो. मुंबई-हावडा आन् दिल्ली-चेन्नई, दोन्ही लाइनी इथंच भेटतात, त्याच्यानं कुठची सवारी बसंल सांगता येत नाही. गाणं चालूच राह्यते. एखादी सवारी म्हणते, भाऊ, आमच्याकडचं ऐकून पाहा. मी मोबाइल त्याइच्याच हाती देतो, म्हणतो तुम्हीच नाव टाकून द्या. त्या यादीचं नावच 'सवारी' ठेवलं हाय.

एक माय राजनांदगावची होती. मेडिकलला नातवाले दाखवाले आणलं होतं. तिले नाव-गिव काही सांगता येईना. तिनं दोन ओळी म्हणून दाखवल्या, त्या मी रेकॉर्ड करून ठेवल्या. कितीतरी महिन्यांनी छत्तीसगडचा एक पोरगा बसला, त्याले ऐकवलं. तो म्हणे हा ददरिया होय, शेतात काम करता करता गातात. मग त्यानं मले आठ-दहा ददरिये लावून देल्ले. त्या मायच्या आवाजातल्या दोन ओळी अजून तशाच ठेवल्या हायेत. नातू कसा हाय मले माहीत नाही, पण ते लावलं की आठोते.

*इंदोरा*

आमच्या घरी सकाळ भीमगीतांनी व्हायची. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर गर्दी लोटते, तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलांसोबत गाण्यांचेही स्टॉल असतात. आधी कॅसेटी, मग सीड्या, नंतर पेनड्राइव्ह. आई दरवर्षी पुस्तक आणि गाणी दोन्ही घ्यायची, एक घेऊन दुसरं सोडायची नाही. वामनदादा कर्डक मी असे ऐकले.

नवं शोधायला लागलो तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता: हा विचार दुसऱ्या भाषेत कोण गातंय? त्या एका प्रश्नानं मला जालंधरच्या गिन्नी माहीपर्यंत नेलं, पंजाबी ढोलावर बाबासाहेबांची गाणी. तिथून चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'पर्यंत. पा. रंजित यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला हा तमिळ संच, 'गाना' हा चेन्नईच्या वस्त्यांमधला लोकगीतांचा प्रकार आणि रॅप एकत्र. वामनदादांपासून सुरू होऊन चेन्नईत पोचणारी माझी यादी आता आईही ऐकते. तमिळ गाणं लागलं की ती शब्द विचारते, मी भाषांतर वाचून दाखवतो.

एक गोष्ट मनाला लागते. जुन्या भीमगीतांना ऑनलाइन बरेचदा कवीचं नावच नसतं, किंवा भलतंच असतं. म्हणून मी यादीच्या वर्णनात कवी आणि गायक स्वतः लिहून ठेवतो. ज्यांनी गावोगाव फिरून हे गायलं, त्यांचं नाव गाण्यासोबत राहिलंच पाहिजे.

*मानेवाडा*

थोडक्यात लिहिते. मी वापरत होते ते अ‍ॅप बंद झालं आणि सहा वर्षांची यादी गेली. आता दर महिन्याला नावं साध्या कागदावर उतरवते. तुम्हीही उतरवा.

*हॉस्टेल, अंतिम वर्ष*

मला सर्वांत जास्त स्पॉटिफायच्या डिस्कव्हर वीकलीनं दिलं. दर सोमवारी ३० गाणी. त्यामागचं एक तत्त्व सोपं आहे: तुमची गाणी इतर लोकांच्या याद्यांमध्ये ज्या गाण्यांशेजारी बसलेली असतात, ती तुम्हाला सुचवली जातात. म्हणजे सुचवणारं यंत्र असलं तरी मुळात कुणा माणसानंच ती दोन गाणी शेजारी ठेवलेली असतात. हे कळल्यापासून मी माझ्या याद्या निगुतीनं लावतो, कारण त्या कुठेतरी कुणाच्या तरी कामी येतात. पुतण्याला बडबडगीतं लावून देताना प्रायव्हेट सेशन चालू करतो, म्हणजे दोघांची आवड एकमेकांत मिसळत नाही.

ताई, तुमच्या भैरवीबद्दल. पहिल्या बाजूवरच्या बाकीच्या गाण्यांच्या वेळा बेरीज करा. ३० मिनिटांतून ती वजा करा. उरेल तेवढ्यातच ती भैरवी बसली असणार. लांब मैफिलीची रेकॉर्डिंगं तिथेच गळतील.

*पुन्हा मी*

केली बेरीज. बाकीची पाच गाणी मिळून २३ मिनिटं होतात, उरतात सात. वसंतरावांच्या भैरवीतल्या, साडेसहाच्या आत-बाहेरच्या तीन चिजा मला मिळाल्या आहेत. दुकानदारानं फीत संपताना तोडली असेल तर एखादी आणखी. तिन्ही एका यादीत घातल्या आहेत. रविवारी आईला घेऊन बसते.