फ्रीबीएसडी: दर वेळी सगळं पुसून बिल्ड कशाला?

रानवाट: फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्समध्ये चार ओळी बदलल्या की अजूनही बरेच जण ऑब्जेक्ट डिरेक्टरी (कंपायल झालेल्या फाइलींची जागा) पुसून बिल्डवर्ल्ड, म्हणजे सोर्समधून सिस्टिम बांधणारी कमांड, पहिल्यापासून चालवतात. माझ्या मते हा निव्वळ अपव्यय आहे. बिल्डवर्ल्डचा बराचसा वेळ एकटं एलएलव्हीएम-क्लँग (सोबत येणारा कंपायलर) खातं, आणि त्यात बहुतेक वेळा काही बदललेलंच नसतं. फ्रीबीएसडीच्या आवृत्ती 14 पासून आधी क्लीन करणं (जुने ऑब्जेक्ट पुसणं) डीफॉल्टही राहिलेलं नाही. जोडीला मेटा मोड लावा, म्हणजे काय पुन्हा बांधायचं ते नोंदी बघून ठरतं. फाइलमॉन हे फाइलींच्या वापरावर नजर ठेवणारं कर्नल मॉड्यूल लोड करायचं आणि सेटिंग एसआरसी-एन्व्ह.कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग फाइलीत टाकायचं, नुसत्या एसआरसी.कॉन्फमध्ये चालत नाही. मग प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी एक मेटा फाइल बनते: कोणती कमांड चालली, कोणत्या फाइली वाचल्या, सगळी नोंद. कंपायलरचा फ्लॅग बदलला तरी ज्याला तो लागू होतो तेवढंच पुन्हा बनतं.

सह्याद्रीकर: अजिबात पटलं नाही. एखादी सी फाइल जाऊन तिच्या जागी त्याच नावाची असेम्ब्ली फाइल आली, की जुन्या डिपेंड फाइलीत (कोणता ऑब्जेक्ट कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे त्या यादीत) गेलेलीचंच नाव राहतं. त्यासाठी सोर्समध्ये डिपेंड-क्लीनअप नावाची स्क्रिप्ट ठेवावी लागते, आणि तिच्यात नोंदी माणसं हाताने घालतात. एखादी राहून गेली तर? बिल्ड फुटला तर निदान कळतं. जुना ऑब्जेक्ट गुपचूप लिंक झाला तर नसलेला बग शोधत बसा. सर्व्हरवर जाणारा बिल्ड मी कोराच करणार. रात्री लावला की सकाळी तयार.

रानवाट: सर्व्हरचं मान्य. पण ड्रायव्हरमधली एक ओळ तपासायची असेल तर सकाळपर्यंत थांबायचं? ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे तो कंटाळून पॅच पाठवणंच सोडतो. हे नुकसान तुम्ही मोजतच नाही.

कोकणवारा: मूळ दुखणं गिटचं, म्हणजे सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं आहे. शाखा बदलून परत आलात की मजकूर तोच, पण फाइलींची वेळ नवी, आणि बिल्ड चालवणारं मेक बघतं वेळ. प्रत्येक शाखेला वेगळी वर्कट्री (सोर्सची स्वतंत्र डिरेक्टरी) ठेवा. ऑब्जेक्ट सोर्सच्या पाथनुसार ठेवले जातात, त्यामुळे तेही वेगळे राहतात.

सह्याद्रीकर: वर्कट्रीचा सल्ला चांगला आहे, घेतो. पण इन्स्टॉलवर्ल्डनंतर, म्हणजे बांधलेली सिस्टिम मशीनवर बसवल्यावर, बिल्डची साधनंच बदलतात, मग मेटा मोडही कधी कधी ढीगभर गोष्टी पुन्हा बांधतो. तिथे वाचलं काय? ड्रायव्हरवर काम करताना तुमची पद्धत वापरा. दुसऱ्याच्या मशीनवर जाणारं काही असेल, तर आधी पुसा.