चित्र काढून घेतले तर सुपरहिरोचे काय उरते?

सांजवारा

आमच्या वाचनकट्ट्याच्या पुढच्या बैठकीसाठी मला सुपरहिरो या विषयावर टाचण करायचे आहे आणि तयारी करताना एक शंका मनातून जात नाही. जून १९३८ असा महिना छापलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅन आणला, तेव्हा मुखपृष्ठानेच निम्मी गोष्ट सांगून टाकली होती: निळा पोशाख, पाठीवर लाल केप आणि डोक्यावर उचललेली हिरवी मोटार. त्याच्या दोन वर्षे आधी ली फॉक यांचा फँटम आला होता, ज्याला आपल्यातले बरेच जण ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ म्हणून ओळखतात. त्याचाही दरारा अंगाला घट्ट बसलेल्या पोशाखात आणि बुबुळे न दिसणाऱ्या मुखवट्यात आहे. म्हणजे हे पात्र मुळात डोळ्यांसाठी घडले. मग जिथे चित्रच नाही, अशा कादंबरीत किंवा संगीतात ते स्वतःच्या पायांवर उभे राहते का, की आपण आधी पाहिलेल्या चित्राच्या उधारीवर जगते? चित्रपटांविषयी वाचायला पुष्कळ मिळते. या बाजूविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

आकाशवेडा

आपल्या प्रश्नात नभोवाणी राहून गेली आहे आणि माझ्या मते उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये अमेरिकेत सुपरमॅनची नभोवाणी मालिका सुरू झाली. बड कॉलियर हा नट क्लार्क केंटचे, म्हणजे चष्मा लावून साध्या माणसासारखा वावरणाऱ्या सुपरमॅनचे, बोलणे वरच्या, काहीशा बुजऱ्या पट्टीत करीत असे आणि ‘हे काम सुपरमॅनचेच’ अशा अर्थाचे ठरलेले वाक्य बोलताना मध्येच आवाज खाली, खर्जाकडे नेत असे. कपडे बदलण्याचा जो प्रसंग चित्रकथेला दोन-तीन चौकटी खर्च करून दाखवावा लागतो, तो इथे एका वाक्याच्या आत उरकतो, आणि मला तरी तो अधिक पटतो, कारण चष्मा काढला म्हणून माणूस ओळखू येत नाही यावर विश्वास ठेवण्यापेक्षा आवाज बदलला म्हणून फसलो, हे मान्य करणे सोपे जाते.

दुसरे असे की नभोवाणीने केवळ उसने घेतले नाही, तिने परत दिलेही. सुपरमॅनला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट प्रथम १९४३ मध्ये या मालिकेत आले. चित्रकथेने ते १९४९ मध्ये उचलले. पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नव्हता, तो एक-अष्टमांश मैल लांब उडी मारीत असे. श्रोत्याला मात्र वाऱ्याचा सुसाट आवाज ऐकवला की उडी आणि उड्डाण यांतला फरक विचारायला कोणी थांबत नाही. १९४६ मध्ये याच मालिकेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेच्या धर्तीवरील टोळीविरुद्धचे १६ भागांचे कथानक प्रसारित झाले, ज्यात एका चिनी वंशाच्या अमेरिकी कुटुंबाचा छळ होतो. (त्या निमित्ताने क्लॅनचे गुप्त संकेतशब्द देशभर फुटले, ही कथा बरीच फुगवून सांगितली जाते, टाचणात घेतलीत तर जपून घ्यावी.)

तिरकस रेघ

नभोवाणीचा मुद्दा मान्य आहे, पण तिथे निदान नट असतो. नुसत्या शब्दांवर सुपरहिरो उभा करायचा झाला तर काय होते, ते फिलिप वायली यांच्या १९३० च्या ‘ग्लॅडिएटर’ या कादंबरीत दिसते. तिचा नायक ह्यूगो डॅनर याला जन्माआधीच त्याच्या वडिलांच्या प्रयोगातून अफाट बळ मिळालेले असते. तो प्रचंड उड्या मारतो, त्याच्या कातडीपुढे बंदुकीची गोळी हतबल ठरते. थोडक्यात, सुपरमॅनची सामग्री आठ वर्षे आधीच तयार आहे. त्याला नाही तो पोशाख, आणि लोकांनी हाक मारावी असे दुसरे नाव. फुटबॉलच्या मैदानावर, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत, जिथे जाईल तिथे आपल्या बळाचे करायचे काय हे त्याला उमगत नाही आणि शेवटी डोंगरावर वीज पडून तो मरतो.

हा योगायोग नाही, असे मला वाटते. कादंबरी पात्राच्या मनात शिरते आणि असा माणूस आतून पाहिला की तो भयंकर एकाकी दिसू लागतो. चित्रकथा त्याला बाहेरून, रस्त्यावर उभ्या असलेल्या गर्दीच्या नजरेने पाहते, म्हणून तो तिथे आश्वासक वाटतो. तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की चित्राशिवाय अतिमानव उरतो, पण त्याचा नायक होणे अवघड जाते. सीगल यांनीही १९३३ मध्ये सुपरमॅन हे नाव प्रथम वापरले ते चित्रांसह छापलेल्या पण गद्य असलेल्या कथेत, आणि तिथला सुपरमॅन चक्क टकला खलनायक होता.

षड्जपंचम

संगीताविषयी मी लिहितो. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटाची सुरुवात आठवून पाहावी. पडदा सरकतो, १९३८ चा कृष्णधवल अंक दिसतो, एक मूल त्याची पाने उलटत वाचते आणि मग अक्षरे अवकाशातून झेपावतात व जॉन विल्यम्स यांचे संचलनगीत सुरू होते. नायक अजून पडद्यावर यायचाच आहे, तरी तो कसा आहे हे आपल्याला कळून चुकते. आपल्या कानांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर तिथे षड्ज-पंचमाचे उघडे, खणखणीत नाते आहे, वर पितळी वाद्यांची ललकारी आहे आणि त्यातल्या एका तीन स्वरांच्या तुकड्यावर ‘सु-पर-मॅन’ ही अक्षरे नेमकी बसतात, असे अनेकांना ऐकू येते.

याच्या उलट २००५ चा बॅटमॅन घ्या. हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी त्याला धुनच दिली नाही. दोन स्वर, षड्जावरून कोमल गंधारावर जाणारे, आणि पुढे काही नाही. आलाप सुरू होणार म्हणून कान टवकारावेत आणि गवय्याने तिथेच थांबावे, तशी ती अवस्था असते. आई-वडिलांच्या खुनापाशी अडकून पडलेल्या माणसाला यापेक्षा पुरी चाल शोभली नसती. १९८९ च्या बॅटमॅनसाठी डॅनी एल्फमन यांनी केलेले संगीत मला ऐकायला अधिक आवडते, पण पात्राची नेमकी नस या दोन स्वरांनीच पकडली आहे.

तरीही ही चित्रपटातली उदाहरणे आहेत आणि आपण म्हणता ती उधारी इथे आहेच. चित्रपट बाजूला ठेवायचा असेल तर अमेरिकी संगीतकार मायकेल डॉगर्टी यांची ‘मेट्रोपोलिस सिंफनी’ ऐकावी. १९८८ ते १९९३ या काळात लिहिलेल्या या रचनेचे पाच भाग सुपरमॅनच्या जगातून आले आहेत. ‘लेक्स’ या, सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर याच्यावरच्या भागात एकट्या व्हायोलिनची झपाटलेली धावपळ चालते आणि मधूनमधून वादक पंचांच्या शिट्ट्या फुंकतात. शेवटचा भाग ‘रेड केप टँगो’ हा चित्रकथेतल्या सुपरमॅनच्या मृत्यूनंतर लिहिला गेला; त्यात ‘दीएस इरे’ ही मृतांसाठीची मध्ययुगीन लॅटिन प्रार्थना टँगोच्या ठेक्यावर फिरत राहते. एकही चित्र नाही, एकही शब्द नाही, आणि प्रेतयात्रेत कोणी नाचू लागावे तसे काहीतरी विलक्षण घडते.

सांजवारा

सर्वांचे आभार. षड्जपंचम, एक विचारते: ‘रेड केप टँगो’ हे शीर्षक कोणी सांगितलेच नाही, तर त्यात सुपरमॅन ऐकू येईल का? आणि तिरकस रेघ, आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचकांनी मुख्यतः शब्दांतूनच डोळ्यांपुढे आणले. ते आपल्या मांडणीत कुठे बसतात?

तिरकस रेघ

ते बसत नाहीत आणि त्याचे कारण सोपे आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी नायकाच्या मनात फार वेळ मुक्काम केला नाही. त्यांचे गद्य घटनेमागून घटना पळवते, म्हणजे चित्रकथेच्या चौकटींचेच काम करते. शिवाय झुंजार आणि काळापहाड यांचे बळ धाडसाचे, वेषांतराचे आणि हुशारीचे आहे, त्यामुळे ह्यूगो डॅनरचे दुःख त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांचे नाते सुपरमॅनपेक्षा बॅटमॅनशी आणि त्याहून जुन्या मुखवटाधारी झोरोशी अधिक जवळचे आहे.

षड्जपंचम

शीर्षक झाकले तर सुपरमॅन ऐकू येणार नाही. मृत्यू आणि नाच मात्र ऐकू येतील. विल्यम्स यांच्या चालीतूनही नाव गेले तर शौर्य उरेल, लाल केप उरणार नाही. म्हणून माझ्या लेखी संगीत पूर्णपणे उधारीवर नाही, पण पात्राची ओळखपत्रे त्याच्याजवळ नसतात, ती इतरांनी पुरवावी लागतात. कट्ट्यावर हे पडताळून पाहणे शक्य आहे. ‘लेक्स’ची सुरुवातीची काही मिनिटे कोणतीही प्रस्तावना न करता ऐकवावीत आणि प्रत्येकाला डोळ्यांपुढे कोण आले ते कागदावर लिहायला सांगावे. माझा अंदाज असा आहे की खलनायक पुष्कळांना दिसेल, लेक्स लूथर एखाद्यालाच.